चिलरचे खोटे काम

मी एक जुना चिलर आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल, आणि मला पाहिलेले तर बहुधा कोणीच नसेल. पण भर उन्हातून एखाद्या बंदिस्त मॉलमध्ये शिरताना दारातच अंगावर गार हवा आली आणि तुम्ही ‘हुश्श’ केलेत, तर त्या गारव्यामागे माझ्यासारखाच कोणीतरी तळघरात राबत होता असे समजा. मी पाणी गार करतो. ते नळांतून सगळ्या मजल्यांवर जाते, तिथली उष्णता गोळा करते आणि ती घेऊन माझ्याकडे परत येते. जाताना पाणी सात अंशांवर असते. येताना ते किती अंशांवर आहे, यावरून वर काय चालले आहे ते मला कळते. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. त्यामुळे माणसे मला दिसत नसली तरी जाणवतात.

कारखान्यात मला तीन दिवस सलग चालवून पाहिले आणि ‘दहा हजार माणसांना पुरेल’ असा शेरा दिला. मॉलचे तळघर अर्धवट बांधलेले असतानाच क्रेनने मला खाली उतरवले आणि मग माझ्या डोक्यावर छत घातले. मला पुन्हा बाहेर काढावे लागेल, हा विचार तेव्हा कोणाच्या मनाला शिवला नाही.

पहिली बारा वर्षे मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पाणी तेरा अंशांवर परत येई. वरचा सिनेमा सुटला की पाच-सात मिनिटांत मला त्याची वर्दी मिळे. बाहेरगावचे इंजिनियर मला बघायला येत, आणि ते येण्याआधी ऑपरेटर मला फडक्याने पुसून लख्ख करी. हा ऑपरेटर पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ आहे. मॉलमध्ये त्याला सगळे काका म्हणतात. त्याच्या बायकोचे वर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी, कपडे आखूड-सैल करून देण्याचे छोटे दुकान आहे, म्हणून ती सगळ्यांची काकू. काका दर तासाला माझ्या नळावर तळहात ठेवी, मग तापमापक बघे आणि आकडा नोंदवहीत लिही. तळहाताचा अंदाज चुकला तर स्वतःशीच हसे.

मग लोकांची खरेदी घरबसल्या होऊ लागली. कपड्यांच्या ज्या मोठ्या दुकानाने दुसरा मजला जवळजवळ व्यापला होता, ते बंद पडले. त्याचे दिवे विझले, तेव्हा पाणी एका आठवड्यात तेरावरून अकरावर आले. त्याच्या मागोमाग आणखी सात दुकाने गेली. तरी मधल्या मोठ्या दालनाचा जो वेगळा नळ आहे, त्याचे पाणी तेरावरच येत राहिले. काका तो आकडाही वहीत लिही. तिथे माणसे होती.

त्याच सुमारास नव्या व्यवस्थापक बाई आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या वाईट नव्हत्या, पण मालकांचा धोशा त्यांच्यामागे होता. तीन दुपारी त्यांनी दालनाच्या कोपऱ्यात उभे राहून पाहिले. म्हातारी माणसे, परीक्षेची पुस्तके घेतलेली मुले, तान्ही बाळे घेतलेल्या आया तासन्‌तास बाकांवर बसतात आणि काही न घेता निघून जातात. मॅडमनी बाके काढायला सांगितली. बसायला मिळाले नाही की माणूस दुकानात शिरेल, असा त्यांचा हिशेब होता. बेचाळीस बाके माझ्या खोलीत आली आणि भिंतीशी एकावर एक चढली.

माणसे दुकानात शिरली नाहीत. ती घरी गेली. दालनाचे पाणी आठवर आले, म्हणजे ते जसे गेले होते जवळपास तसेच परत येऊ लागले.

मित्रांनो, आमच्या जातीच्या यंत्रांचे एक उलटे असते. फार कामाने आम्ही थकतो, पण फार कमी कामाने मोडतो. काम पुरेसे नसले की आतला वायू पुढे जायच्या ऐवजी मागे फिरतो. मग मी कण्हतो आणि जमीन हादरते. पहिल्यांदा मी असा कण्हलो तेव्हा काका पांढराफटक पडला. त्याने धावत जाऊन बाजूच्या एका व्हॉल्व्हचे चाक फिरवून तो उघडला. त्यातून माझाच गरम वायू फिरून माझ्याकडे येऊ लागला. मला वाटले वर गर्दी झाली आहे, आणि मी शांतपणे कामाला लागलो. ते काम खोटे होते. मी स्वतःचीच उष्णता उपसत होतो आणि त्यासाठी वीज खात होतो. काकाने व्हॉल्व्ह तसाच राहू दिला. वहीत मात्र त्याबद्दल अक्षर लिहिले नाही.

दोन महिन्यांनी मॅडम खाली आल्या. काकू तेव्हा एका बाकावर डबा उघडून बसली होती.

“काका, गर्दी निम्म्यावर आली, पण विजेचा आकडा हलत नाही. असं कसं?”

“जुनं यंत्र आहे, मॅडम. म्हाताऱ्याला भूक जास्त.”

“मालकांनी महिनाअखेरची मुदत दिलीय. नाहीतर मॉलला कुलूप. मला त्यांना काहीतरी दाखवायला हवं.”

मॅडम गेल्या.

“म्हाताऱ्याला भूक जास्त?” काकू म्हणाली. “घरी तर अर्ध्या ताटावरून उठता.”

“तू जेव.”

“जेवतेच आहे. पण मॅडम आल्या तशी तुम्ही त्या चाकाला पाठ लावून उभे राहिलात. तीस वर्षं संसार केलाय. तुमचं तोंड खोटं बोलतं, पाठीला ते जमत नाही.”

तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

“म्हणजे हा उगाचच राबतोय. कशासाठी?”

“हे कळलं तर याला काढतील. आणि याच्यापाठोपाठ मला.”

“आणि नाही कळलं तर कुलूप लागेल. मग हा, तुम्ही, मी, सगळेच घरी. माझं दुकान बुडवून याला जगवणार होय?” तिने डबा बाजूला ठेवला. “आणि माझ्याकडे कोण यायचं, ठाऊक आहे? सासऱ्याला बाकावर बसवून सून पडदे घेऊन यायची. बाबा, बसा इथं, मी आलेच, म्हणायची. आता बाबांना टेकायला जागा नाही, म्हणून सून फिरकत नाही. हे मी सांगितलं तर म्हणतील, शिवणारी बाई, तिला काय कळतं. तुमच्याकडे वही आहे.”

“वहीत खोट आहे.”

“मग खरं लिहा.”

काकाने दुसऱ्या दिवशी मॅडमना खाली बोलावले आणि त्यांच्यासमोर व्हॉल्व्ह बंद केला. मी थोडा वेळ तग धरला. मग कण्हलो. मॅडम दोन पावले मागे सरल्या.

“हा असा ओरडतो, म्हणून मी गेले दोन महिने याला खोटं काम देतोय. तुमची वीज त्यात जाते. लिहिलं नाही, ती माझी चूक.” त्याने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि वही पुढे केली. “पण हेही बघा. हा दालनाचा आकडा. मोठं दुकान गेलं तेव्हा हा पडला नाही. पडला तो या आठवड्यात.”

मॅडमनी तारखेवर बोट ठेवले. मग त्यांनी भिंतीशी रचलेल्या बाकांकडे पाहिले.

“मी काढली त्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या.

“मॉल त्या बसलेल्या माणसांमुळेच भरलेला होता, मॅडम. खरेदीला येणारी त्यांच्याबरोबर यायची.”

“आणि हे यंत्र? बाकं परत लावली तर?”

काकाने माझ्याकडे पाहिले नाही. “तरी याला पुरणार नाही. पहिली गर्दी आता येणार नाही. याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं यंत्र पुरेल.”

“तुमचं काय?”

“ते तुम्ही ठरवा. मी आकडा सांगितला.”

मालकांनी वहीची पाने पाहिली आणि एक वर्षाची मुदत दिली. बाके वर गेली. बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी आता एक दवाखाना, वाचनाची खोली आणि व्यायामाचा वर्ग आहे. काकू म्हणते, दवाखान्यात बसून कंटाळलेले लोक तिच्याकडे पँट घेऊन येतात. सिनेमा बंदच आहे, आणि तळमजल्यावरची चार दुकाने अजून अंधारात आहेत. मॉल टिकेल का, हे मला ठाऊक नाही. मॅडमनाही नाही. गच्चीवर दोन छोटे चिलर आले आहेत. ते आपले आपण चालतात, त्यांना ऑपरेटर लागत नाही. काकाला नळ आणि पंखे दुरुस्तीच्या कामावर ठेवले आहे, तेही या वर्षापुरतेच.

गेल्या सोमवारी त्याने मला बंद केले. एकदम नाही. भार हळूहळू उतरवला, तेलाचा पंप आणखी तीन मिनिटे चालू ठेवला, आणि सगळे थांबल्यावर माझ्या नळावर तळहात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी त्याने तापमापक पाहिला नाही.

परवा मला कापायला माणसे येणार आहेत. छत न फोडता मला अखंड बाहेर काढता येत नाही. काकाने त्यांना दोनदा बजावले आहे की आधी आतला वायू टाकीत भरून घ्या, हवेत सोडू नका, तो पृथ्वी तापवतो. ते ‘हो हो’ म्हणाले, तरी तो त्या दिवशी रजा टाकून इथे उभा राहणार आहे.

मित्रांनो, मला काकाचा राग नाही. त्याने माझी निगा राखली, वीस वर्षे तेल बदलले, धूळ पुसली. पण त्या दोन महिन्यांत त्याने मला वाचवले नाही, नुसते गप्प केले. तुमच्या घरी, शाळेत, मोहल्ल्यात एखादे यंत्र कण्हत असेल, एखादी जागा ओस पडत असेल, तर आवाज बंद करण्याची घाई करू नका. आधी विचारा, इथे कोण येत असे आणि आता का येत नाही. माझ्या बाबतीत हे विचारायला उशीर झाला. वरच्या बाकांवर बसलेल्यांसाठी कदाचित झालेला नसेल.