दह्याचं पथ्य

दवाखान्याच्या बाकावर माणिकबाईनं पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि मांडीवरच्या नातीच्या बोटांची पेरं घासायला घेतली. एक पेर झालं, दुसरं झालं. लेकराचा हात गव्हाळ, पण पेरांपुरता काळा रंग चढलेला, तव्याला हात लागल्यासारखा. पदर पांढराच राहिला. काळं काही निघेना.

"आई, निघत नाही ते," शेजारी बसलेली सून दामिनी हळूच म्हणाली. "मी साबणानं पाह्यलं."

"साबणानं पाह्यलं म्हणे! मळ हाय तो. डॉक्टरीण म्हणन, म्हशी धुतात अन् पोट्टी धुत नाही."

रुपाई गप्पच होती. अकरा महिन्यांच्या लेकरानं एवढं घासल्यावर हात ओढून घ्यायचा, भोकाड पसरायचं. तिनं काहीच केलं नाही. डोळे उघडे होते, वर पंखा फिरत होता, पण डोळे पंख्याबरोबर फिरत नव्हते. हात तेवढे बारीक थरथरत होते. चार महिन्यांपूर्वी हीच पोर आजीनं दारातून नुसतं "कोण हाय वं घरात?" म्हटलं तरी खिदळायची. उशीला टेकून बसायची. मग बसणं गेलं, मग हसणं गेलं, आणि आता मानही खांद्यावर कलायला लागली होती.

समोरच्या बाकावर एक बाई आपल्या पोराला बिस्कीट चारत होती. तिनं विचारलं, "काय झालं लेकराले?"

"काई नाही. दृष्ट लागली," माणिकबाई म्हणाली. "चांगलं लेकरू लोकायच्या डोयात खुपते."

त्या बाईनं आपलं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं. माणिकबाईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गावात कोणाचं लेकरू खात नसलं, कोणाला ओकारी झाली, तर बाया लेकरू काखेत मारून माणिकबाईच्या ओट्यावर यायच्या. मुगाची खिमट कशी पातळ करायची, ओवा किती घालायचा, हे तिच्याकडून शिकायच्या. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती, पण लेकरं वाढवण्याच्या बाबतीत तिला कोणी शिकवावं हे तिला कधी पटलं नाही. तिचं घर महानुभावांचं. रिद्धपूरचे बाबा घरी आले की अंगणातच दंडवत घडायचे. अंडं तर दूरच, अंड्याचं टरफल अंगणात सापडलं तरी ती जागा शेणानं सारवून घ्यायची. सून अकोल्याची, तिच्या माहेरी रविवारी अंडी उकडायची. लग्नाआधी दामिनीनं पंथाचा उपदेश घेतला, अंडी सोडली, चार वर्षं पाळलंही. पण माणिकबाईचा तिच्यावर भरवसा बसला नव्हता. रुपाई झाल्यापासून तिनं सुनेला अकोल्याला पाठवलंच नाही. तिथं कोण लेकराच्या तोंडात काय घालेल, काय सांगावं.

दोन महिन्यांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरनं लेकरू तपासलं आणि सहज म्हणून गेला, "अंडं सुरू करा." माणिकबाईनं त्याच्या टेबलावरून रुपाईला उचललं.

"अंडं खायले आमची पोट्टी काय कोंबडीच्या पोटची हाय काय?"

ते तिथंच संपलं. सोमवारी मात्र लेकराचे हात थरथरायला लागले आणि धर्मेंद्रनं आईला न विचारता गाडी काढली. अडतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. अमरावतीच्या या डॉक्टरणीनं लेकराचं रक्त घेतलं आणि मग सुई दामिनीकडे वळवली. तेव्हा माणिकबाई तडकली होती. लेकराच्या दुखण्यात मायचं रक्त कायले? आज त्या रक्ताचा निकाल होता.

दारातून नाव पुकारलं गेलं. माणिकबाई रुपाईला छातीशी धरून सगळ्यांच्या आधी आत शिरली, खुर्चीत बसली आणि डॉक्टर काही बोलायच्या आत म्हणाली, "बाई, मी आधीच सांगून ठेवतो. अंडं सांगसान तं मी उठून जाईन. माह्या घरात दोन लेकरं वाढली, एकाच्याई तोंडाले अंड्याचा वास लागला नाही."

डॉक्टर माधवी चष्म्यावरून पाहत हसल्या. "मी कुठं म्हटलं अंडं?"

"तुमी सारे तेच म्हणता."

"मी नाही म्हणत. लेकरू इकडे द्या."

त्यांनी रुपाईच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पेरांवर अंगठा फिरवला, विरळ तांबूस केसांतून बोटं नेली. मग लेकरू परत आजीच्या मांडीवर दिलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. धर्मेंद्र मागं उभा होता, तो पुढं वाकला.

"हिच्या अंगात एक जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच आहे. बी-ट्वेल्व्ह. मेंदूला, रक्ताला लागतं ते. म्हणून हात थरथरतात, म्हणून हसणं गेलं. काळी पेरंही त्याचीच."

"कशात असते ते?" धर्मेंद्रनं विचारलं.

"मटण-अंड्यात असतंच. पण तुम्हाला ते नको तर नको. दुधात असतं, दह्यात, ताकात असतं. शाकाहारी घरात तेवढंच पोटभर घ्यायचं, कमी पडलं तर गोळी."

माणिकबाईची मान ताठ झाली. ती मागं वळली.

"आयकलं का, धर्मेंद्र? दूध-दही म्हणतात बाई. आन तो तालुक्याचा शहाणा अंडं सांगून राहिला होता." मग डॉक्टरकडे वळून, "दूध-दह्याची काय कमी हाय बाई आमच्या घरी! दोन म्हशी हायेत. बारा लिटर दूध निंघते दिवसाले."

"लेकराला देता?"

"वरचं? नाही. वर्षभर वरचा थेंब नाही लागू देला. मायचंच दूध, तेई भरपूर. खिमट देतो, थे थुकून टाकते."

"हो. दूध भरपूर आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा कागद पुढं सरकवला. "पण आईच्या अंगात जे नाही ते तिच्या दुधात कुठून येणार? हा दामिनीचा रिपोर्ट. हिच्यातही नाही." त्या सुनेकडे वळल्या. "दामिनी, दही-दूध किती घेतेस रोज?"

"घेते नं ते..." माणिकबाईनं तोंड उघडलं.

"तिला सांगू द्या, आजी."

दामिनीनं आधी सासूकडे पाहिलं. बोलू का, असं विचारावं तसं. मग टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "नाही घेत."

"अजिबात?"

"दिवस राह्यले तेव्हापासून नाही. पथ्य हाय. दह्या-ताकानं लेकराले कफ होते, दूधही जड पडते. चहा कोराच घेतो मी."

"आणि त्याआधी?"

"डेअरीले जाऊन उरलं तं. चहापुरतं."

बाहेर बिस्कीटवालं पोर कशाला तरी हसत होतं. धर्मेंद्र आईकडे पाहत नव्हता, फरशीकडे पाहत होता.

"संक्रांतीले मी मागतलं होतं," दामिनी म्हणाली. आवाज तोच, हळू. "वाटीभर ताक. चक्कर येत होती."

माणिकबाईला ती संक्रांत आठवली. आपण काय म्हणालो तेही आठवलं. लेकरापेक्षा जिभेचे चोचले मोठे झाले काय वं तुले, असं ती म्हणाली होती, चार बायांच्या समोर. बाया हसल्या होत्या.

डॉक्टर पुढं सांगत होत्या. आजपासून इंजेक्शन, लेकराला आणि आईलाही. मग दूध, दही, मऊ वरण-भात. पाच-सहा दिवसांत पोर डोळ्याला डोळा देईल, हसेलही बहुतेक. थरथर कधी कधी मध्येच वाढते, घाबरायचं नाही.

"बसन नं पयल्यासारखी?" धर्मेंद्रनं विचारलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "बसेल, असं वाटतं. पण मेंदू वाढायच्या दिवसांतले चार-पाच महिने गेलेत. ते किती भरून येतील, ते आज मी सांगू शकत नाही. शाळेत जाईपर्यंत पाहत राहावं लागेल."

माणिकबाई ऐकत होती आणि ऐकतही नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर आढ्याला टांगलेलं एक शिंकाळं होतं. चैत्रातली भर दुपार, घरातले सगळे झोपलेले, आणि एकोणीस वर्षांची ती स्वतः, काखेत लेकरू. तिची पहिली पोरगी. सासू चतुराबाईनं पथ्य लावून दिलं होतं आणि दहा महिने कोरड्या भाकरीवर काढून तिची जीभ नुसती आंबटाला वखवखली होती. तिनं शिंकाळ्यातल्या मडक्यात चार बोटं घातली, दही चाटलं, परत घातली, परत चाटलं. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप आला. आधीच मलूल झालेली पोर थरथरायला लागली. महिन्याभरात गेली.

त्या चार बोटांबद्दल तिनं कोणाला कधी सांगितलं नाही. लोकांना तापानं गेली सांगितलं, आणि स्वतःला दह्यानं. त्यानंतर तिनं दह्याला तोंड लावलं नाही. घरातल्यांना वाटायचं तिला वास सोसत नाही. पुढच्या दोन बाळंतपणांत तिला दूधच आलं नाही. धर्मेंद्र आणि त्याची बहीण शेळीच्या दुधावर वाढली, ती गोष्ट तिला चारचौघींत सांगायची लाज वाटायची. म्हणून तर सुनेला भरून दूध आलं तेव्हा तिनं ठरवलं होतं, या खेपेला पथ्य मोडू द्यायचं नाही. या लेकराला कोणाच्या जिभेपायी जाऊ द्यायचं नाही.

चव्वेचाळीस वर्षं तिनं ते दही उरावर वागवलं होतं. आता ते डॉक्टरणीनं उचलून घेतलं, तर खाली मांडीवर रुपाई होती, माणिकबाईच्याच पथ्यानं अशी झालेली.

"आजी, इकडे या. तुम्हीपण या, ताई," पडद्याआडून नर्स म्हणाली.

साधना नावाची तरुण नर्स होती. तिनं सगळ्यांना स्टुलांवर बसवलं आणि एक छापील कागद भरायला घेतला. नाव, गाव, वजन. लेकरू पुऱ्या दिवसांचं जन्मलं का, कुठं जन्मलं. दामिनी उत्तरं देत होती.

"घरात याच्याआधी कोणाचं लेकरू लहानपणी दगावलं काय?"

"नाही," धर्मेंद्र म्हणाला.

नर्सनं खूण केली आणि पान उलटलं.

"खोड ते," माणिकबाई म्हणाली.

"काय, आजी?"

"खोड म्हणलं नं. एक गेली हाय."

धर्मेंद्रनं मान वर केली. "कोण गेली, माय?"

माणिकबाई त्याच्याकडे न वळता नर्सला म्हणाली, "लिही. नाव माया. माही पयली. अकरा महिन्याची होती."

नर्सनं पान परत उलटून लिहिलं. "कशानं गेली?"

उत्तर तर चव्वेचाळीस वर्षांपासून तयार होतं. एक लोकांसाठी, एक स्वतःसाठी. आता दोन्हींतलं एकही तोंडात येईना. तिनं मांडीवरच्या रुपाईकडे बोट केलं.

"अशीच," ती म्हणाली. "अशीच थरथरत."

नर्सचा पेन थांबला. तिनं दामिनीकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि काहीतरी लहानसं लिहिलं. दामिनी सासूकडे बघत राहिली. घरात आल्यापासून तिनं इतका वेळ सासूच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं.

आधी लेकराला टोचायचं होतं. दामिनी उठली आणि तिनं सासूच्या मांडीवरून रुपाईला घेतलं. सुई मांडीत गेली तशी रुपाई रडली. बारीक, तुटक आवाज, जुनी विहीर उपसताना बादली घासावी तसा. पण रडली. सोमवारपासून ती रडलीही नव्हती. धर्मेंद्रनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आता ताई, तुम्ही. लेकरू द्या कोणाकडे तरी. बाही वर करा."

माणिकबाईनं दोन्ही हात पुढं केले. अकरा महिने असंच चालत आलं होतं; दामिनीनं काही काम हाती घ्यायचं आणि लेकरू या हातांत यायचं. आंघोळ, मालिश, झोप सगळं या हातांनीच झालं होतं.

दामिनी त्या हातांसमोर थांबली. मग वळून नवऱ्याकडे गेली.

"धरा हिले," ती म्हणाली. "मान सांभाळजा."

धर्मेंद्रला लेकरू धरायची सवय नव्हती. त्यानं अवघडून एक हात मानेखाली घातला, एक पाठीखाली. दामिनी स्टुलावर येऊन बसली आणि तिनं बाही खांद्यापर्यंत ओढली.

माणिकबाईचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिनं ते परत घेतले आणि रिकाम्या मांडीवर ठेवले.