मागच्या खोलीतलं विमान

गरम पाण्यातून काढलेला एकेक रुमाल ती असा पिळत होती, की त्याच्या जागी मान असती तर संध्याकाळचा बेत रद्दच करावा लागला असता. मान कोणाची, हे सांगायला नको. त्या मानेचा मालक बाहेर आरशासमोर कॅप्टनची टोपी तिरकी करून बघत होता.

"अगं, रुमाल झाले का? बोर्डिंगची वेळ झाली."

"तुमचं बोर्डिंग गेलं खड्ड्यात," ती म्हणाली, पण नळ मोठा सोडून.

नवऱ्याने सारी नोकरी एका विमान कंपनीच्या काउंटरमागे तिकिटं विकण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीचं विमान केलं. भंगारातून आणलेल्या सीटा बोल्ट मारून जमिनीला आवळल्या, कॉकपिटच्या जागी बार आला, बारवर माईक. पाहुण्याला दारातच जमीन सुटल्यासारखं वाटलं पाहिजे, तेही पहिल्या पेगच्या आधी, असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. म्हणून दारात बायकोच्या हातचा गरम रुमाल आणि त्याचा ठरलेला प्रश्न: "परतीचं तिकीट आहे ना?" पाहुण्याने म्हणायचं, "बायकोकडे आहे." मग सगळ्यांनी हसायचं. दर शनिवारी, नव्याने.

ती खोली लेकीची होती. महिन्यापूर्वी तिचा सासरहून फोन आला, "आई, पुढच्या महिन्यात मी निघून येतेय. आता परत नाही जाणार." आईने त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो "बघू" म्हणाला आणि सकाळी सुतार घेऊन आला. लेकीचा पलंग गच्चीवर गेला.

"अगं, चार दिवस राहील, डोकं शांत झालं की जाईल आपल्या घरी. तोवर सोफा आहे की."

तेव्हापासून बायको त्याच्याशी फक्त रुमालांपुरतं बोलत होती.

समोरचे डॉक्टर आले, वकील आणि वकिलीणबाई आल्या, तिचा स्वतःचा धाकटा भाऊही आला. फुकटची व्हिस्की म्हटल्यावर त्याला बहिणीची फार आठवण येई. सगळ्यांनी हात पुसले, सगळे हसले, सगळे सीटांवर बसले. पुन्हा बेल वाजली. नवऱ्याने टोपी सरळ केली, दार उघडलं आणि जिभेच्या सवयीने विचारून मोकळा झाला,

"परतीचं तिकीट आहे ना?"

दारात लेक होती. उद्या यायची ती आजच आली होती, दोन्ही हातांत दोन जड बॅगा घेऊन.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

आतून मामा हसला, कारण तिथे हसायचंच असे. मग हसणारा आपण एकटेच आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

आईने ट्रे खाली ठेवला. बारपाशी जाऊन माईक हातात घेतला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. आजचं उड्डाण रद्द झालं आहे. या खोलीत राहणारं माणूस परत आलं आहे."

"वा, वहिनी," डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "हे नवीन बसवलंत."

"ग्लास खाली ठेवा, डॉक्टर. आणि चष्मा विसरू नका."

आवाज तिने इतका गोड ठेवला होता, की मंडळींना खरं वाटायला थोडा वेळ गेला. सर्वांत आधी वकिलीणबाई उठल्या. जाताना त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि वकिलांना डोळ्यांनीच चल म्हटलं. मामा शेंगदाण्यांची वाटी घेऊन निघाला होता. बहिणीने नुसतं पाहिलं, तशी त्याने ती ठेवली.

खोली रिकामी झाली. लेक उंबऱ्याशीच उभी होती, पाहुण्यासारखी. बाबांनी टोपी काढली, आणि ती ठेवायची कुठे हे त्यांना कळेना. बायकोने सांगितलं नाही.

"पलंग आणायला पाहिजे खाली," शेवटी ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

"ठेवणार कुठे?" बायकोने विचारलं.

ते आत गेले, पाना घेऊन आले आणि पहिल्या सीटपाशी गुडघ्यांवर बसले. बोल्ट आपल्याच हाताने आवळलेले, सुटता सुटेनात. कपाळावर घाम आला. सगळे सुटले तेव्हा सीट त्यांना एकट्याला उचलेना. लेकीने बॅगा खाली ठेवल्या आणि पुढे झाली.

"तू नको," आई म्हणाली. "तू बस जरा."

मग तिने पदर खोचला.

"सरका तिकडे," ती नवऱ्याला म्हणाली, आणि सीटचं दुसरं टोक रागारागानेच उचललं.