पेजेतली गोळी

"नशेची गोळी आहे. सही करा इथं."

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यातला औषधवाला रांगेसमोर ओरडला आणि तेजरामनं तिथंच तोंड मिटलं. घरी आल्यावरही गोळीसाठी ते उघडलं नाही.

तेजराम दिघोरीच्या विहारात तीस वर्षं पंचशील देत आला. अर्ध्या मोहल्ल्याची दारू त्यानं सोडवली. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र दिवसाला पाच-सहा पन्न्या. खर्र्याला कोणी नशा म्हटलं नाही. त्याच खर्र्यानं गाल खाल्ला, जबडा पोखरला, आणि आता दुखणं थांबवणारी गोळी नशा ठरली. वा रे न्याय!

"आजार जाणार नाही, पण दुखणं थांबेल. चार-चार तासांनी द्या, सवयीचं भय धरू नका." डॉक्टरीणबाईनं हे त्याच्या बायकोला, पार्वताबाईला, बाहेर बोलावून सांगितलं. ज्याचं दुखत होतं त्याला कोणी सांगितलं नाही. तिनं सांगून पाहिलं, पण तो ऐकेल तर ना.

"पार्वता, मराले भेत नाही मी. पण नशा करून नाही मरत."

सहा दिवस तो गोधडी मुठीत पिळत राहिला. सातव्या दिवशी पार्वताबाईनं दोन चमच्यांत गोळी चुरली आणि तांदळाच्या पेजेत घोळली. जिभेची चव केव्हाच गेली होती. अर्ध्या तासात मुठी सुटल्या. ती घरामागच्या सांदवाडीत जाऊन रडली. नशा न करायचं त्याचं पाचवं शील तिनं त्याच्या नकळत मोडलं होतं, आणि खोटं न बोलायचं चौथं स्वतःचं. हे सांगायचं कोणाला?

तेजराम मात्र खुलला. येईल त्याला सांगे, "गोळीबिगर दबवलं दुखणं. मन पक्कं पायजे." शब्द अर्धे सांडत, तरी ऐकणारे हात जोडत.

आठवड्यानं शेजारचा खुशाल आला. त्याची माय रुखमिणी पोटाच्या कॅन्सरनं दिवसभर ओरडे. दोन घरांत भिंत एकच.

"जय भीम काका. मायलेबी ह्याच गोळ्या देल्या. तुमी त बिनागोळीचे बसून राहिले. वापस करून टाकू का?"

"टाक ना वापस. मी पंचशील देतो तिले. होते सहन."

पार्वताबाईच्या हातात पेजेची वाटी होती. बोललं तर आपला माणूस तडफडेल, गप बसलं तर रुखमिणी. तेवढ्यात भिंतीपलीकडून रुखमिणी ओरडली, आणि पार्वताबाई बोलून गेली.

"खुशाल, मायले गोळी दे. आत्ताच दे!"

"पण काका त—"

"काकाच्या पेजेत रोज गोळी असते. मीच टाकतो."

खुशाल पळाला. तेजरामनं तिच्याकडं मान वळवली.

"काहून वं?"

"पाहवत नव्हतं मले. अन् शील शील करता, त खर्रा कोणत्या शीलात बसत होता, सांगा ना!"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. वाटीतली पेज थंड झाली. तीन वाजता मुठी वळल्या. चारला तो गोधडी पिळू लागला. भिंतीपलीकडं मात्र सामसूम झाली होती. रुखमिणी झोपली होती, आणि ते त्यालाही ऐकू येत होतं.

पार्वताबाईनं नवी पेज केली. त्याच्यासमोर बसून गोळी चुरली.

"गोळी आहे यात," ती मोठ्यानं म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून दर चार तासांनी ती तेच म्हणते आणि तो तोंड उघडतो. डोळे तेवढे उघडत नाही.