टिटवीचे कान आणि सहा चाव्या

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. एक खोली आहे. शेजारच्या वर्गाला त्रास नको म्हणून खिडक्या बंद केलेल्या. आत अकरा मुलं, अकरा वाद्यं आणि घामाचा वास. तुमच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेली लाल इलेक्ट्रिक गिटार आहे. ती इतकी जड आहे की संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो, पण तक्रारीला तोंड नाही, कारण तिच्यासाठी दोन वर्षं घरच्यांच्या डोक्यावर तुम्हीच मिरे वाटलेत. गाणं रंगात आलंय. तेवढ्यात तुम्हाला ऐकू येतं, की आपली एक तार किंचित उतरलीय. अजून कुणालाच कळलेलं नाही, फक्त तुम्हाला. तुम्ही हात थांबवता. आणि सगळ्यांच्या देखत तुम्हालाच सांगितलं जातं, की तुम्हाला सुरातलं काही कळत नाही.

कानशिलं तापतील की नाही? टिटवीचीही तशीच तापली.

टिटवी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चिडली की तिचा आवाज असा काही वर चढायचा की गल्लीच्या टोकाला कळायचं, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणायचे. आणि ती बऱ्याच वेळा चिडायची.

"सर, तार उतरली," ती म्हणाली.

"तार उतरली नाही. तू ती लावलीच नव्हतीस," बँडचे सर म्हणाले. "कान कच्चे असले की असंच होतं."

व्हायोलिनवाली चष्मेवाली फिसकन हसली. मग ढोलवाला हसला, मग सगळेच.

या सरांचा एक नियम होता. सूर जुळवायचं यंत्र त्यांच्या खोलीत आणायचं नाही. वाद्य कानाने लावायचं. नियम चांगलाच होता, पण त्याची एक गंमत होती. वाद्य बेसूर झालं की दोष आपोआप कानाकडे जायचा. दुसरीकडे जायला त्याला वाटच नव्हती.

"मी लावली होती, सर. दोनदा लावली होती."

"मग तिसऱ्यांदा लाव. आणि ऐक, शुक्रवारी तिन्ही गाणी सलग घेणार आहे. तिन्ही सुरात वाजली तर शनिवारी स्टेजवर तू. नाहीतर तुझा भाग कीबोर्डवर वाजेल."

सोमवार होता. मधे जेमतेम तीन दिवस.

टिटवी घरी आली ती दार आपटूनच. पुढच्या खोलीत आत्याचं दुकान होतं. आत्या शिलाई मशीन दुरुस्त करायची. टेबलावर एक मशीन पोट उघडं टाकून पडलं होतं आणि आत्याच्या तोंडात दोन स्क्रू होते.

"दाराने काय घोडं मारलंय तुझं?" आत्या स्क्रूंच्या फटीतून म्हणाली.

टिटवीने सगळं सांगितलं. सांगताना ती आधी सरांसारखी बोलली, मग चष्मेवालीसारखी हसली आणि शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, हे तिने लगेच बजावलं.

आत्याने स्क्रू तळहातावर काढले. "कच्चे कान? तुझे? पलीकडच्या खोलीतून तू मला सांगतेस, की आत्या, मशीनचा पट्टा सैल झालाय! आण ती गिटार इकडे."

टिटवीने सहाही तारा कानाने लावल्या. आत्याने आपल्या फोनवर सूर दाखवणारं ते यंत्र सुरू केलं. एकेक तार छेडली, आणि सहाही वेळा काटा बरोबर मधे उभा राहिला. जरा इकडे नाही की तिकडे नाही.

"बघितलंस?" टिटवी ओरडली.

"मला काय ओरडतेस? मी तुझ्या बाजूने आहे. आता वाजव."

तिने तिन्ही गाणी वाजवली. तिसऱ्या गाण्यात एका जागी तार बोटाने आडवी ओढून सूर वर न्यायचा होता, तिथे तिने जीव तोडून ओढली. मग पुन्हा काटा बघितला. चार तारा उतरलेल्या.

आत्याने गिटारचा माथा दिव्याखाली धरला. तिथे एका रांगेत सहा चाव्या होत्या. चावी पिळली की आतल्या दातेरी चाकाने एक पितळी खुंटी फिरते, खुंटीवर तार गुंडाळलेली असते, ती ताणली जाते आणि सूर चढतो. आत्याने एक चावी चिमटीत धरून हलवली. ती किंचित लटलटली.

"हाच तो चोर!" आत्या म्हणाली. "दाते झिजलेत. तार ओढली की चाक मागे सरकतं. जुनी गिटार गळ्यात मारली आपल्या, आणि बोल मात्र पोरीच्या कानांना! सहाच्या सहा बदलून टाकू."

बघा हं, मुलांनो. आत्या हुशार होती. एरवी गिऱ्हाईक म्हणालं, की मशीनची सुई वाईट आहे, तर आत्या त्याला गप्प करायची. "आधी बघू, मग बोलू," हे तिचं रोजचं वाक्य. पण त्या दिवशी ती चिडलेली होती, आणि भाची तिच्याहून चिडलेली. मग बघायला कुणाला सवड?

मंगळवारी आत्या नव्या चाव्यांचा संच घेऊन आली. चकचकीत, आरशासारख्या. दोघी टेबलाशी बसल्या. तारा सैल करून काढल्या. समोरून नट सोडवला, मागून बारका स्क्रू काढला, की चावी अलगद हातात येत होती. एकामागून एक सहाही जुन्या चाव्या निघाल्या आणि मोडक्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात पडल्या. खण्ण. खण्ण. टिटवीला त्या आवाजाने फार बरं वाटलं.

"भोगा आता," ती डब्याला म्हणाली.

नव्या चाव्यांची स्क्रूची भोकं जुन्या जागी बसेनात. आत्याने काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून जुन्या भोकांत ठोकल्या, वर आलेली टोकं कापली आणि नवी भोकं हातानेच पाडली. स्क्रूला आधी साबण चोळला.

"साबण का?"

"लाकूड फाटू नये म्हणून. रागारागाने स्क्रू पिळला की लाकूड फाटतं. हळू."

मग नव्या तारा चढवायच्या. इथे आत्याचा ऊर भरून आला. गुंडाळणं म्हणजे तिच्या घराण्याचं काम. टिटवी पाच वर्षांची असताना तिला आत्याने बॉबिन भरायला शिकवलं होतं, दोऱ्याला दोरा चिकटून, कुठेही फट नाही, पार काठोकाठ. टिटवी गिटारच्या ताराही पहिल्यापासून तशाच चढवायची. लांबच्या लांब तार ठेवायची आणि खुंटी वेढ्यावर वेढा, थरावर थर अशी भरून काढायची. आजही तिने तशीच भरली. सहा खुंट्या सहा बॉबिनसारख्या दिसू लागल्या.

"वा! याला म्हणतात हात," आत्या म्हणाली.

बुधवारी शाळेतून आल्यावर टिटवीने तारा लावल्या, तिन्ही गाणी वाजवली, आणि काटा बघितला.

पाच तारा उतरलेल्या.

त्यानंतर जो आवाज चढला, तो खरोखरच गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नव्या चाव्या खोटारड्या होत्या, दुकानदार लबाड होता, गिटार अवदसा होती, आणि सर तर काय होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्याने चपला पायात सरकवल्या. "चल. त्या दुकानदाराचं दुकान डोक्यावर घेते."

टिटवी तिच्यामागे निघाली. आणि उंबऱ्यात थांबली.

"आत्या."

"काय?"

"दुकानदार म्हणेल, तुमच्या पोरीलाच लावता येत नाही."

"म्हणू तर दे!"

"मग आपण काय दाखवणार? आपण बघितलंय कुठे?"

आत्या एक चप्पल काढलेली आणि एक घातलेली अशी उभी राहिली. मग दुसरीही काढली. ती टेबलाशी गेली, खणातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि त्याचं टोक जिभेवर ओलं केलं.

"मशीनचं चाक घसरतंय की पट्टा, हे कसं कळतं सांग."

"दोन्हींवरून एकच रेघ ओढायची आणि मशीन चालवायचं," टिटवी म्हणाली. "रेघ तुटली तर घसरलं."

"मग घे."

टिटवीने प्रत्येक खुंटीच्या माथ्यावरून खालच्या नटापर्यंत एक रेघ ओढली. चावी मागे फिरली तर ही रेघ तुटणार. मग, का कोण जाणे, तिने तार गुंडाळली होती त्या वेढ्यांवरूनही वरून खाली एक उभी रेघ ओढली. पुन्हा सूर लावले. तिन्ही गाणी वाजवली, आणि तिसऱ्यातली ती तार दहादा ओढली.

दोघींची डोकी दिव्याखाली एकमेकींवर आपटली.

खुंटीवरची रेघ होती तशीच होती. सहाही खुंट्यांवर. केसभरही तुटलेली नव्हती.

वेढ्यांवरच्या रेघेचे मात्र तुकडे झाले होते. एक तुकडा इकडे, एक तिकडे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

टिटवीने त्या पायऱ्यांवरून नख फिरवलं.

"वेढे सरकतायत," टिटवी हळूच म्हणाली. "तार ओढली की वेढे आवळतात, आणि तार तेवढी सैल पडते. जितके जास्त वेढे, तितकी जास्त."

"काहीतरीच," आत्या म्हणाली. "इतकी घट्ट, इतकी सुबक गुंडाळलीय. बत्तीस वर्षं मी बॉबिन भरतेय, मला कुणी नाव ठेवलं नाही."

"आत्या, बॉबिनमधला दोरा बाहेर यायचा असतो. तार बाहेर यायची नसते."

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, तो स्वच्छ असूनही.

"शिकवलं कुणी तुला तसं गुंडाळायला?" ती शेवटी म्हणाली. "मीच ना."

त्यांनी एक तार सोडवली, कापून आखूड केली आणि फक्त तीन वेढे दिले, एकाखाली एक. खुंटी अगदी उघडीबोडकी दिसायला लागली. आत्याला ते बघवेना. पण टिटवीने तार ओढली, ओढली, ओढली, आणि काटा मधेच उभा राहिला.

सहाही तारा तशा चढवून झाल्या तेव्हा आत्याने हात झटकले. "सुटलो बाई. जा आता, शुक्रवारी त्या सरांचे दात घशात घाल."

पण टिटवी हलली नाही. ती पत्र्याच्या डब्याकडे बघत होती.

"त्यांचं काय?"

"कुणाचं?"

"जुन्या चाव्यांचं. त्यांनी काय केलं होतं?"

"अगं, त्या लटलटत होत्या."

"लटलटत होत्या, पण मागे फिरत नव्हत्या! तू बघितलंच नाहीस. मीही नाही. चोर म्हणालीस तू त्यांना. मी 'भोगा' म्हणाले." तिचा आवाज चढायला लागला. "माझ्यावर आळ आला तर तू सरांच्या नावाने बोटं मोडलीस. आणि यांच्यावर आळ घेतला तो आपणच!"

"बये, त्या चाव्या आहेत. त्यांना काय कळतंय?"

"मला तर कळतंय!"

"नव्या चांगल्या चमकतायत, राहू देत. पुन्हा भोकं बुजवा, पुन्हा पाडा..."

"मी बुजवते."

आत्याने तिच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि काडेपेटी पुढे सरकवली. "गोंद कमी घे. मागच्या वेळी मी जास्त घेतला होता."

गुरुवारची सगळी संध्याकाळ त्यात गेली. सहा जुन्या चाव्या डब्यातून निघाल्या, पुसल्या गेल्या, आणि साबण लावलेल्या स्क्रूंनी परत आपल्या जागी बसल्या. खडूने रेघा ओढून टिटवीने त्यांची परीक्षा घेतली. एकही तुटली नाही.

शुक्रवारी तिन्ही गाणी सलग झाली. तिसऱ्या गाण्यात टिटवीने तार जीव तोडून ओढली आणि सोडली, आणि ती आपल्या सुरावर अशी परत आली, जशी काही कुठे गेलीच नव्हती.

सरांनी मान हलवली. "छान. नव्या चाव्या बसवल्यास म्हणे?"

"बसवल्या होत्या. काढल्या. या जुन्याच आहेत, सर. त्यांची चूक नव्हती."

"मग चूक कुणाची होती?"

"मी तार चुकीची गुंडाळत होते. ती माझी चूक." टिटवीने श्वास घेतला. "पण कान कच्चे नव्हते, सर. उतरलेली तार पहिल्यांदा मलाच ऐकू आली होती."

टिटवी थांबली. आता सर म्हणतील, मी चुकलो. खोलीतही सगळे थांबले होते.

"बरं, बरं," सर म्हणाले. "उद्या चार वाजता या. पुढचं गाणं."

एवढंच. बरं, बरं! टिटवीच्या कानशिलातून पुन्हा वाफ निघाली. तिला स्टेजवरची जागा मिळाली होती, पण सोमवारचं ते वाक्य तसंच हवेत लटकत होतं. सरांनी ते परत घेतलंच नव्हतं.

पुढचं गाणं सुरू झालं. त्यात व्हायोलिन एकटं वाजायचं होतं. चष्मेवालीने चार सूर वाजवले आणि पाचव्याला तिचा चेहरा पडला. तार उतरली होती. तिने हात थांबवला.

"सर, ही तार..."

"आता तुझेही कान कच्चे झाले का?" सर म्हणाले.

ढोलवाला हसला. मग सगळेच हसले. सोमवारी सगळ्यांत आधी हसलेली चष्मेवाली आता चष्म्याआड डोळे मिचकावत जमिनीकडे बघत होती. तिच्याकडे बघून हसायची टिटवीला आयती संधी होती. ढोलवाल्याने तिला कोपराने ढोसलंसुद्धा.

टिटवीने गिटार खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली.

"थांबा, सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बंद खिडक्यांना धडकून परत आला. "आधी बघू, मग बोलू."

मग ती खोली ओलांडून चष्मेवालीपाशी गेली, खिशातून खडू काढला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं, आणि व्हायोलिनच्या खुंटीवरून लाकडापर्यंत एक सरळ रेघ ओढली.