सात गुणांची कृपा

मार्गशीर्षातले ऊन सातपुड्याच्या पायथ्याशी उतरते तेव्हा ते सोनेरी नसते. ते पिवळट असते, जुन्या कागदासारखे, बोट लावले तर कडेने तुटेल असे. सागाच्या रुंद, करपलेल्या पानांवरून ते घरंगळते, संत्र्यांच्या बागांवर क्षणभर थबकते, आणि सोनबर्डीच्या टेकडीवरच्या लांबट, चुनेरी, कौलारू इमारतीपाशी येऊन थंड होते.

त्या इमारतीत चर्चचे पाळक घडवले जात. युरोपच्या हिमाच्छादित उत्तरेकडून आलेल्या मिशनऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी तिचा पाया घातला; त्यांची भाषा गेली, त्यांच्या कबरींवरची अक्षरे पुसट झाली, पण लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीची ती लहानशी विद्याशाळा साग-संत्र्यांच्या मुलखात मराठी बोलत उभी राहिली.

तिथे सव्वीस वर्षे डॉक्टर शुलमिथ हिवाळे शिकवीत होती. ईश्वरविद्या आणि धर्माचे तत्त्वज्ञान. पायऱ्या चढताना तिचा श्वास आता लागे, केस कापसासारखे झाले होते, पण फळ्यावर 'कृपा' हा शब्द लिहिताना तिचे अक्षर अजून पहिल्या दिवसाइतकेच सरळ उतरे.

सव्वीस वर्षांत त्या फळ्यासमोरून दोनशेच्या वर मुले पाळक होऊन गेली. तिला मात्र पाळकाची दीक्षा मिळाली नव्हती. ती बाई होती.

*

तारुण्यात ती शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेली होती. नदीकाठचे गाव, धुक्यात विरघळलेले पूल, हिमशुभ्र रस्ते, आणि ग्रंथालयातला तो हिरव्या काचेचा दिवा. सहा हिवाळे तिने त्या दिव्याखाली घालवले. प्रबंधाचा विषय होता लपलेला देव. जो सामर्थ्याने येत नाही, दुर्बळतेत दडतो. जो सिंहासनावर सापडत नाही, वधस्तंभावर सापडतो. तिथल्या वृद्ध, मितभाषी प्राध्यापकांनी शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते, "इथेच राहा."

त्याच महिन्यात सोनबर्डीहून मंडळीचे पत्र आले. परत या, तुमच्यासाठी दार उघडू.

ती आली. दार उघडले ते वर्गाचे. व्यासपीठाचे दार बंदच होते. तिने विचारले की उत्तर मिळे, "वेळ आली की." अध्यक्ष बदलले, उत्तर बदलले नाही. तिचे लेख परदेशी नियतकालिकांत छापले जात, आणि इथे धर्मसभेच्या बैठकीत तिला हळूच सुचवले जाई, मॅडम, चहाचं तेवढं बघता का?

ती चहाचे बघे. का बघे, हे तिने स्वतःला कधी नीट विचारले नव्हते.

*

योनातान आढाव हा तिचा सर्वांत कच्चा विद्यार्थी. मोठ्या हातांचा, भित्र्या डोळ्यांचा, संत्र्यांच्या बागेत राबणाऱ्या विधवेचा मुलगा. धर्मतत्त्वांच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा तेहतीस गुणांवर अडला. उत्तीर्ण व्हायला चाळीस हवे होते.

व्हरांड्यात तो खांबाला टेकून रडत होता. आवाज न करता, पाठ वळवून.

शुलमिथने ती उत्तरपत्रिका पुन्हा उघडली. सात गुण कुठेच नव्हते. ना व्याख्येत, ना विवेचनात, ना शुद्धलेखनात. पण आयुष्यभर तिने एकच शिकवले होते, की आपल्या लायकीवर कुणीच उभा राहत नाही. जे मिळते ते न कमावताच मिळते. तिने लाल शाईने चाळीस लिहिले आणि खाली सही केली. त्या दिवशी तिचा हात फार हलका होता.

सहा महिन्यांत योनातान पाळक झाला. वय चोवीस. पांढऱ्याशुभ्र झग्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात तो गुडघे टेकून बसला, वडीलधाऱ्यांचे हात त्याच्या मस्तकावर टेकले. शुलमिथ तिसऱ्या बाकावर बसून गीत गात होती. कडवे संपले तेव्हा तिला कळले, आपण केवळ ओठ हलवीत होतो.

*

तिची आई राहेलबाई. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात तिने तीस वर्षे भाकरी थापल्या. अक्षरओळख जेमतेम, वाणी धारदार. म्हातारपणी ऐकू कमी येऊ लागले तरी रविवारची उपासना तिने चुकवली नाही. प्रवचन चालू असताना मात्र ती मोठ्याने म्हणे, "हा काय पुटपुटतोय?"

या मार्गशीर्षात तिने अंथरूण धरले. एका दुपारी, ऊन खाटेच्या पायथ्याशी असताना, तिने लेकीचा हात ओढून घेतला.

"शुलू, माझ्या मातीवर तू बोल."

"आई, मला परवानगी नाही."

"कुणाची?"

शुलमिथपुढे सगळे ग्रंथ, सगळ्या भाषा, सगळी हिरव्या दिव्याची वर्षे एकापाठोपाठ एक उभी राहिली आणि मान खाली घालून निघून गेली.

"तूच बोल," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं मला ऐकू येत नाही."

तिसऱ्या दिवशी पहाटे राहेलबाई गेली.

*

मंडळीचे अध्यक्ष सकाळी घरी आले. तेही तिचेच जुने विद्यार्थी. हात जोडून ओसरीवर बसले.

"मॅडम, तुम्ही आम्हा सगळ्यांच्या गुरू. पण दफनाचा विधी दीक्षित पाळकानंच करायचा, हे तुम्हाला मी काय सांगू?"

"चार वाक्यं बोलेन. विधी तुम्ही करा."

"आज चार वाक्यं, उद्या लोक बोट दाखवतील." त्यांनी आवाज उतरवला. "शेवटी कबरस्तान मंडळीचं आहे. मोशेकाकांच्या शेजारची जागा राहेलबाईंसाठी ठेवलीय, ती ठेवलीच आहे. त्यात अडचण यायला नको."

मोशे म्हणजे तिचे वडील. ते गेले तेव्हा ती जर्मनीत होती; त्यांच्यावर माती लोटायलाही पोचली नव्हती. तीस वर्षे आई दर ईस्टरला त्या रिकाम्या जागेतले गवत स्वतः उपटी. म्हणे, माझी खोली झाडून ठेवते.

आईचा शब्द एका पारड्यात होता, आईची जागा दुसऱ्यात.

"ठीक आहे," शुलमिथ म्हणाली. "कुणाला पाठवता?"

"योनातानला. जवळच असतो."

*

योनातान दुपारी मोटारसायकलवर आला. घामेजलेला, धुळकटलेला, काखेत उपासनेचे पुस्तक. दारातच घुटमळला.

"मॅडम, मी राहेल आजींना फारसं ओळखत नव्हतो. काय बोलू?"

खोलीत बायका बसल्या होत्या. कोपऱ्यात ऊन होते. शुलमिथने त्याच्याकडे पाहिले, मग टेबलाशी बसून कागद ओढला. पंधरा मिनिटे लेखणी चालली, न थांबता. प्रबंधाची सहाशे पाने लिहिताना कधी अशी चालली नव्हती.

"हे वाच."

त्याने कागद घडी करून पुस्तकात ठेवला.

उतरत्या उन्हात शवपेटी कबरीशी आली. ताम्रवर्ण सागपाने पायांखाली कुरकुरत होती. खणलेल्या मातीला ओला, कोवळा वास होता. योनातानने कागद उलगडला आणि वाचू लागला.

"देव कुठे लपतो, असे पंडित विचारतात. तो पिठाने पांढऱ्या झालेल्या मनगटांत लपतो. साठ लेकरांची भूक भागवून उरलेल्या, करपलेल्या भाकरीत लपतो. तो इथे होता. तीस वर्षे चुलीपाशी होता. आपण त्याला शोधायला दूर गेलो. आणि माझ्या आईने..."

तो थांबला.

लेखणी घसरली होती. पाळकाच्या तोंडी शोभेल असे लिहिता लिहिता एका वाक्यात शुलमिथ स्वतःच उतरली होती, आणि तो कागद त्याने आधी वाचलाच नव्हता. त्याने वर पाहिले. ती समोर उभी होती, हातात रुमाल, चेहरा कोरडा. मागे जायला वाट नव्हती. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा वाचले, "आणि माझ्या आईने मला कधीच विचारले नाही, की तुला तो सापडला का."

जमाव हुंदक्यांनी हलला. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पेटी दोरांवरून खाली गेली. वर नुसते आकाश राहिले, फिके, निरभ्र.

शुलमिथने मूठभर माती टाकली. मातीचा आवाज फार थोडा झाला.

"पाळकसाहेब सख्ख्या लेकासारखं बोलले हो," शेजारची सरलाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "असं तळमळून इथं कुणी बोललं नव्हतं. तुमचाच विद्यार्थी ना?"

"हो. माझाच."

अध्यक्षांनी सर्वांदेखत योनातानची पाठ थोपटली.

*

गर्दी पांगल्यावर तो तिच्याजवळ आला.

"मॅडम, मी आधी वाचायला हवं होतं."

"हो."

"आणि ते सात गुण. कार्यालयातल्या कारकुनानं मला तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून तुमच्यासमोर मान वर होत नाही." त्याने ओठ पुसले. "मला माफ करा."

"केलं," ती म्हणाली. "कृपा हाच तर माझा विषय आहे."

त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, लहान मुलासारखा. त्याने वाकून नमस्कार केला, मोटारसायकल सुरू केली, आणि लाल धुळीची एक लांब रेघ ओढीत तो उतारावरून नाहीसा झाला.

ती उभी राहिली. सात गुण दिले तेव्हा मूठ आपोआप सैल झाली होती. आज ती उघडेना. तो वाईट नव्हता, हे तिला ठाऊक होते. कुणीच वाईट नव्हते. सगळे नम्र होते, सगळे हात जोडणारे होते, आणि सगळ्यांनी मिळून तिच्या आईला दुसऱ्याच्या आवाजात पुरले होते. तिने स्वतःच लिहून दिलेल्या शब्दांनी. जिभेवर संत्र्याच्या सालीसारखे काहीतरी कडू, टिकाऊ, बारीक उतरत गेले, आणि तिथेच राहिले.

*

सोमवारी तिने वर्ग घेतला. नऊ मुलगे, एक मुलगी. तास संपल्यावर मुलगी मागे थांबली. तिर्सा भालेराव, काटक, सावळी, प्रश्न विचारताना बाकाची कड घट्ट धरणारी.

"मॅडम, जर्मनीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. तुमची शिफारस हवी होती."

शुलमिथने चष्मा लावला. अर्ज सुवाच्य होता. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, 'परत येऊन मंडळीची सेवा करीन.'

तिने त्या ओळीवर बोट ठेवले.

"परत येऊ नकोस," ती म्हणाली.

तिर्सा गोंधळली. "पण मॅडम, असं लिहिल्याशिवाय ते देत नाहीत."

"मग लिही. पण येऊ नकोस."

मुलीने बाकाची कड सोडली. शुलमिथने शिफारस लिहिली, एकही विशेषण हातचे न राखता, आणि अर्ज तिच्या हाती दिला.

मग ती खिडकीशी गेली. तिर्सा टेकडी उतरत होती, कागद छातीशी धरून, आधी चालत, मग भरभर, मग जवळजवळ धावत. सागांच्या सावल्या तिच्यावरून सरकत होत्या, एक सावली, एक ऊन, एक सावली, एक ऊन. वळणापाशी ती दिसेनाशी झाली. आणि पिवळ्या, थंड, रिकाम्या वाटेवर तिच्या पावलांनी उडालेली धूळ कितीतरी वेळ खाली बसली नाही.