तीन मिलिमीटर

तिने माशीमाराचा वाळलेला पंख अंगठ्याने पट्टीवर सपाट दाबला आणि आकडा वाचला. शहात्तर. डोंगरी जातीच्या खणातला हा एकोणिसावा, शेवटचा पक्षी. आधीचे अठराही शहात्तरच्याच आगेमागे होते.

टेबलापलीकडे तिचे वडील बसले होते. याच संग्रहालयात नोकरीला असताना, पस्तीस वर्षांपूर्वी, त्यांनी या माशीमाराच्या दोन जाती वेगळ्या केल्या होत्या : मैदानी आणि डोंगरी. रंग तोच, चोच तीच; डोंगरीचा पंख तेवढा तीन मिलिमीटर आखूड. त्या डोंगरीला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. तिला जाऊन आठ वर्षं झाली, नाव मात्र पुस्तकांतून टिकून होतं. ते पुढे टिकणार की नाही, हे आता मुलीच्या अहवालावर होतं.

"फरक निघत नाही, बाबा."

"किती मोजलेस?"

"दोन्ही खणांतले सगळे. दोनदा."

त्यांनी मोजमापांची जुनी वही पुढे ओढली. डोंगरीच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. अक्षर आईचं होतं.

"मैदानी मी मोजले. हे तिने."

"पट्टी वेगळी होती?"

"पट्टी एकच. तिला पंख दाबवत नसे, बाक तसाच राहायचा. दुखेल म्हणायची."

"मेलेल्या पक्ष्याला?"

"म्हणून तर मी ते हसण्यावारी नेलं."

खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तिने पट्टी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली.

"अहवालाची तशी घाई नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दिला तरी चालेल."

"एकच जात लिही."

त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि एकोणीस वेळा मैदानीचं नाव लिहिलं. पक्ष्याच्या पायाची जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, नवी तिच्याशेजारी बांधायची, हा संग्रहालयाचा नियम. तो तिला त्यांनीच शिकवला होता. बायकोचं नाव असलेल्या प्रत्येक चिठ्ठीशेजारी त्यांनी स्वतः गाठ मारली. तिने मदतीला हात पुढे केला नाही.

शेवटचा पक्षी खणात ठेवताना त्याच्या पंखातलं एक पीस वर आलेलं दिसलं. ते बसवायला तिने अंगठा टेकवला.

"हळू," ते म्हणाले.