उन्हाळी मेण

मोहरीच होती. डाव्या स्कीच्या तळावर, पुढच्या टोकापासून वीतभर आत, मेणात बुडालेली काळी गोल मोहरी — म्युझियममध्ये अंबरच्या पिवळ्या खड्यात अडकलेला डास ठेवलेला असतो तशी, फक्त डासाला लाखो वर्षं झालेली असतात आणि हिला एप्रिलपासूनचे काही महिने. पण एप्रिल आता जवळपास तितकाच लांब वाटत होता. तनूने नखाने मेणावर टकटक केलं. आतून उत्तर आलं नाही. साहजिक आहे, तिला वाटलं, मोहरी आहे ती.

हॉस्टेलच्या तळघरात स्कींना मेण लावायची वॅक्सरूम होती, तिला एकच खिडकी होती, आणि खिडकीत डोंगर होता, आणि डोंगरावर बर्फ नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही — तपकिरी झुडपांच्या मधोमध यंत्राने फवारलेला एक पट्टा होता, कोणीतरी टॉवेल वाळत घालून विसरल्यासारखा. सीझनच्या सुरुवातीचा कॅम्प, असं क्लबच्या ईमेलमध्ये म्हटलं होतं. सीझनला तो ईमेल गेलेला दिसत नव्हता. तरीही अख्ख्या इंग्लंडातून, जिथे मुलं बर्फाऐवजी प्लॅस्टिकच्या ब्रशांच्या उतारांवर स्कीइंग शिकतात, तिथून ही टीम रात्रभर बसने स्कॉटलंडला आली होती, टॉवेलवरून घसरायला. आणि या कॅम्पच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे उद्या, ज्यांची वेळ चांगली येईल ते जानेवारीत शर्यतीसाठी इटलीला जाणार होते.

बाकीच्यांनी आल्या आल्या आपापल्या स्की खरवडल्या होत्या. तसंच करायचं असतं. सीझन संपला की तळावर मेणाचा जाड थर द्यायचा, तो तसाच ठेवायचा, म्हणजे उन्हाळाभर तळ कोरडा पडत नाही; आणि पहिल्या बर्फाच्या आधी तो सगळा खरवडून टाकायचा. लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, तसं, बाबाने समजावलं होतं — स्वतः एकदाही स्कीवर उभा न राहिलेल्या बाबाने, जो उतारावर नुसतं चालायचं झालं तरी कुंपण धरायचा, आणि ज्याने लंडनच्या टोकाला, हॅरोच्या घरातल्या स्वयंपाकघरात, व्हिडिओ बघून बघून, आईच्या कपड्यांच्या इस्त्रीने वॅक्सिंग शिकून घेतलं होतं. वेगळी इस्त्री कशाला, उष्णता ती उष्णता. पुढे त्याच्या ऑफिसच्या शर्टांवर मेणाचे डाग यायला लागले आणि आईने एक आठवडा अबोला धरला. एप्रिलमध्ये ओट्यावर अर्ध्या जागेत स्की होत्या आणि अर्ध्या जागेत आमटी; आईने फोडणी दिली, मोहरी तडतडली, एक उडून थेट ओल्या मेणात पडली. पुष्कर, काढ ती आधी, आई म्हणाली. बाबा म्हणाला, "राहू दे गं. नोव्हेंबरात खरवडताना निघेल."

जुलैमध्ये बाबा गेला.

तर — खरवडायची प्लॅस्टिकची पट्टी हातात होती, आणि तनूने ती परत खिशात ठेवली, आणि तशाच स्की खांद्यावर टाकून ती बाहेर पडली.

उन्हाळी मेणावर स्कीइंग करणं म्हणजे गुळावरून घसरणं. पहिल्या फेरीत तिला वाटलं होतं वारा आडवा आहे. दुसऱ्या फेरीत वारा नव्हता. तिसऱ्या फेरीत बारा वर्षांचा आर्ची, ज्याच्या हातमोज्यांना अजून दोरी होती, तिच्या बाजूने निघून गेला आणि जाताना सॉरी म्हणाला. खाली घड्याळाशी उभी असलेली कोच मोरॅग — एरवी अर्ध्या सेकंदासाठी माणसाला वर परत पाठवणारी बाई — तिने तनूची वेळ पाहिली, वहीत लिहिली नाही, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली की आम्ही सगळे समजू शकतो. हवा तेवढा वेळ घे, म्हणाली. स्की रेसरला! तनूने मान हलवली. दुःख असं असतं, त्यांना वाटत होतं, गुडघ्यांत साचतं. दुःख नव्हतं ते, मेण होतं... म्हणजे तिला तरी तेव्हा तसंच वाटत होतं.

कारण कोणीही स्की उलटी करून पाहिली नव्हती. जुलैपासून सगळे असेच वागत होते, तिच्या चेहऱ्याकडे बघायचे, पायांकडे कोणी बघायचं नाही. शाळेने तिला एक बाई दिली होती, जी दर मंगळवारी विचारायची की आज दुःखाचा रंग कोणता आहे. तनूने एकदा बेज सांगितलं होतं. बाईंनी ते गंभीरपणे घेतलं.

आणि बाबा गेला तोसुद्धा असा, की कोणाला सांगताना आधी माफी मागावी लागते, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर भलत्याच ठिकाणी हसू येतं — लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत, ऑफिसातून येताना, आयुष्यात कधी नव्हे ती त्याला गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळाली आणि तो बसला. लोकांना वाटलं झोपलाय. हॅरो आलं, गेलं. पुढची सगळी स्टेशनं गेली, शेतं आली, शेवटचं ॲमर्शम आलं. तो कधी हॅरोच्या पुढे गेला नव्हता. काय आहे काय तिथे बघायला, म्हणायचा. घरी ताटं वाढली होती आणि आई त्याला मेसेज करत होती, येताना कोथिंबीर आण.

जेवणाच्या सुट्टीत लाकडी बाकावर नकुल येऊन बसला. साउथहॅम्प्टनचा, डॉक्टरांचा मुलगा. टीममध्ये मराठी येणारे दोघंच, त्यामुळे इतरांच्या तोंडावर बोलायच्या गोष्टी ते मराठीत बोलत. तो बराच वेळ चिप्स खात राहिला.

"तुझा स्कीच्या खाली मेण आहे," तो म्हणाला. "समरचा. मी रॅकवर बघितला."

"माहितेय मला."

"मग काढ ना. कोचला वाटते तू सॅड आहे."

"आहेच मी सॅड."

नकुलने यावर विचार केला. "हो. पण सॅड लोक पण एवढे स्लो नसतात."

तिला हसू आलं, आणि तिने ते खोकल्यात बदललं. मी काढून देऊ का, त्याने विचारलं. हात लावलास तर मारीन, ती म्हणाली. त्याने ठीक आहे अशी मान हलवली आणि उरलेल्या चिप्स तिच्याकडे सरकवल्या, त्यांत सगळ्यांत मोठी वर.

तो गेल्यावर तिने स्की उलटी केली. धारेजवळचं मेण उडालंच होतं. मधे ओरखडे, जागोजागी पोपडे, आणि दोन ठिकाणी खालचा काळा तळ दिसत होता. मोहरी होती, पण तिच्या एका बाजूचं मेण गेलं होतं आणि ती उघडी पडली होती. म्हणजे आपण नाही खरवडलं तरी डोंगर खरवडणारच होता — वेडावाकडा, बेपर्वाईने, तो एप्रिल माहीतच नसलेल्या कोणासारखा. ती दुपारच्या फेऱ्यांना गेलीच नाही. हवा तेवढा वेळ तिला मिळाला होता.

तळघरात आली तेव्हा चार वाजत होते आणि खिडकीतला डोंगर अंधारात विरघळला होता. फोनवर आईचा व्हॉइस मेसेज येऊन पडला होता. नेहमीसारखंच — जेवलीस का, मोजे कोरडे आहेत का — आणि मग थोडं थांबून, "तनू, इस्त्री सापडत नाहीये गं घरात. तू नेलीयेस का? बाबाचे शर्ट द्यायचे होते चॅरिटी शॉपमध्ये. असे चुरगळलेले कसे द्यायचे..."

इस्त्री तनूच्या बॅगेत होती, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. हॅरोत आई पलंगावर शर्टांचा ढीग मांडून बसली असणार, परक्या माणसाने बाबाच्या मेणाच्या डागांसकट घालायचे शर्ट, पण कडक इस्त्रीचे. तनूला आधी राग आला. मग तिने स्वतःच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. हो, माझ्याकडे आहे, तिने लिहिलं. लगेच उत्तर आलं, जणू आई फोन हातात धरूनच होती: असू दे मग. तू आल्यावर करू.

तिने आधी उजवी स्की घेतली, जिच्यात काहीच नव्हतं. पट्टी टेकवली आणि ओढली, टोकापासून टाचेकडे, बाबाने दाखवली होती तशी, एका दमात, मधे न थांबता. खवलेल्या नारळासारखं मेण जमिनीवर पडत गेलं. किती जाड थर दिला होता त्याने! कंजूष माणूस, चहाची पिशवी दोनदा वापरणारा, आणि मेण मात्र असं, की उन्हाळा दहा वर्षांचा असावा. खालून तळ निघाला, काळा, गार, ओला नसून ओल्यासारखा. तिने तळहात टेकवला. कोरडा पडला नव्हता, कुठेच.

मग डावी. टाचेकडून अर्ध्यापर्यंत, मग पाऊण, उलट दिशेने, चुकीच्या दिशेने, मोहरीच्या अलीकडे येऊन हात थांबला. खरवडताना निघेल, म्हणाला होता. त्याच्या बोलण्यात नोव्हेंबर किती सहज होता, पुढच्या स्टेशनसारखा... तनू असेल, पट्टी असेल, मोहरी निघेल. स्वतःचं नाव त्याने घेतलंच नव्हतं त्यात, आणि तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मेण त्याने राखून ठेवायला दिलंच नव्हतं, नोव्हेंबरात काढायलाच दिलं होतं.

वीतभर राहिलं होतं. तेवढं राहिलं तर उद्या एक पाय इटलीकडे निघेल आणि दुसरा वीतभर एप्रिलमध्ये असेल, आणि अशी मुलगी गोल गोल फिरत आर्चीवर आदळेल, हे तिला अगदी स्पष्ट दिसलं. वरून स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता, आणि तिला भूक लागली — खरी, लाज वाटावी इतकी भूक. तिने पट्टी मोहरीला टेकवली. ओढली नाही अजून. नुसती टेकवून ती उभी राहिली, आणि तिला वाटलं, नोव्हेंबर आला हे कोणीतरी बाबाला सांगायला हवं. आणि या तळघरात तिच्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.